तरंगलेला पावागढ

किल्ला पाण्यावर तरंगतो हे मला २७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी कळलं. आम्ही वडोदऱ्यात समा भागात राहतो, तळमजला, विश्वामित्री नदी तशी घरापासून लांब, म्हणजे आम्ही आपलं लांब समजत होतो. आदल्या दिवशी गोकुळाष्टमी, पाऊस थांबायचं नाव घेईना, नदीची धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी तिकडे चढत चाललेलं, संध्याकाळी सोसायटीच्या गेटातून पाणी आत यायला लागलं तेव्हा आम्ही उचलाउचल सुरू केली. सिलिंडर, कागदपत्रं, देव, इन्व्हर्टर, पिठाचा डबा, काल्यासाठी विरजलेलं दही, सगळं वरच्या मजल्यावरच्या काकांकडे. माझा खेळातला पावागढ किल्ला राहिला. तो सहा फूट बाय चार फूट, हॉलमध्येच जन्मलेला, कधी दारातून बाहेर काढावा लागेल हा विचार बांधताना कोण करतो?

सकाळी जिन्याच्या पाचव्या पायरीवरून बॅटरी मारली तर हॉलमध्ये कमरेएवढं पाणी आणि त्यावर पावागढ. अख्खा नाही, सुटा सुटा. फोमचे बुरूज उलटे झालेले, न रंगवलेला निळा तळ वर, एक सबंध तट गोल फिरत फिरत स्वयंपाकघराकडे निघालेला. साधा पांढरा लाकडाचा गोंद पाण्यात मऊ पडून सुटतो हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. रेझिनची माणसं पाण्यापेक्षा जड, ती सगळी बुडाली, दोन्ही बाजूंची. मंजनीक, म्हणजे तटावर दगड फेकायचं यंत्र, तेवढा उभा होता. त्याला एका टोकाला शिसं बांधलेलं, त्यामुळे तो पाण्यात बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून डुलत होता.

बायको मागून बघत होती. म्हणाली, "अहो, तुमचा वेढा उठला."

आता हे काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण ज्यांना माहीत नाही ते मला विचारतात की हे दिवाळीचं का, आणि शेजारचे गुजराती काका तर सरळच विचारतात, आटली मोटी उमरे रमकडां? (एवढ्या मोठ्या वयात खेळणी?) तर टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ असतो, वॉरगेम, बुद्धिबळाचा लांबचा आणि जरा खर्चिक भाऊ. माणसं २८ मिलिमीटरची, म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत २८ (डोळ्यापर्यंत का, तर डोक्यावर प्रत्येकाची टोपी वेगळी). फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, एवढी इंचं चाललात, एवढे बाण लागले, एवढे पडले. मैदानातली लढाई असेल तर दोन टेकड्या आणि चार झाडं लावली की काम झालं. पण वेढ्याचा खेळ असला की आधी किल्ला लागतो, आणि किल्ला विकत घेतला तर परवडत नाही आणि बांधला तर वेळ पुरत नाही. मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून पंचवीस वर्षं काढली, कटर आणि पट्टी हातात बसलेली, त्यामुळे मी बांधायचं ठरवलं.

खरं तर सुरुवात त्याच्या खूप आधीची आहे. लहानपणी आम्ही दांडिया बाजारात राहायचो, वाड्याच्या मागच्या अंगणात दिवाळीला किल्ला व्हायचा. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हे अजूनही होतं, पूर्वी जास्त व्हायचं. विटा, गोणपाट, चाळलेली माती, वर मोहरी आणि अळीव पेरायचे, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, ज्यांचा चेहरा दरवर्षी एकच. आम्हा पोरांना घाई असायची तटाची आणि बुरुजांची. आजोबा मात्र आधी करवंटी पुरायचे. नारळाची अर्धी करवंटी, काठाला माती, त्यात पाणी, हे झाल्याशिवाय एक वीट लावू द्यायचे नाहीत. "आधी पाणी, मग गड," एवढंच म्हणायचे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी बघा असं लिहून ठेवलंय हे मला खूप नंतर कळलं, तेव्हा वाटायचं आजोबांना उगाच आमचा उत्साह जिरवायचाय.

मोठेपणी पहिला किल्ला केला तो इंग्लंडमधला, रॉचेस्टर. कार्डशीटचा. त्याचं कारण एक गोष्ट. १२१५ साली जॉन राजाने ह्या किल्ल्याला वेढा घातला, खणत्यांनी बुरुजाखाली सुरुंग खणला, वरचं ओझं तोलायला लाकडी टेकू लावले, आणि मग राजाने फर्मान पाठवलं की चाळीस डुकरं पाठवा, सगळ्यात चरबीवाली, जी खायच्या कामाची नाहीत अशी. ती चरबी टेकूंना लावून पेटवली, टेकू जळले, बुरुजाचा कोपरा खाली आला. पुढे तो कोपरा परत बांधला तेव्हा गोल बांधला, बाकीचे चौकोनी, आजही तो तसाच दिसतो. मी त्या खेळासाठी एमसीलची चाळीस डुकरं केली होती. खरंच चाळीस. ही म्हणाली हे काय, मोदक?

पण ते आपलं नव्हतं. इथून पन्नासेक किलोमीटरवर पावागढ असताना मी कशाला कोणा जॉनचे बुरूज कापत बसलोय असं वाटायला लागलं. आमच्या जुन्या शहराच्या एका दरवाजाचं नावच चांपानेर दरवाजा. रविवारी हालोलच्या रस्त्याने निघालं की तो डोंगर दिसायला लागतो, एकटाच, आजूबाजूला सपाट, जणू कोणी टेबलावर आणून ठेवलाय. लहानपणी देवीला जायचो तेव्हा माचीपर्यंत बस आणि पुढे पायऱ्या, मग १९८६ ला रोपवे आला. गडावरच्या भग्न कमानी, कोठारं, तलाव मी शंभर वेळा पाहिले असतील आणि एकदाही नीट पाहिले नसतील.

इतिहास थोडक्यात असा, की गडावर खीची चौहानांचं राज्य, शेवटचा राजा जयसिंह, ज्याला लोक पताई रावळ म्हणतात. नवरात्रात गरब्यात स्वतः कालिकामाता आली आणि ह्याने तिचा पदर धरला, तिने शाप दिला, राज्य गेलं, ही गोष्ट वडोदऱ्यातल्या पोराला न शिकवता येते. दुसऱ्या बाजूला गुजरातचा सुलतान महमूद बेगडा. त्याने १४८३ मध्ये वेढा आवळला आणि गड पडला नोव्हेंबर १४८४ मध्ये. वीस महिने म्हणतात. जुनागढ आणि पावागढ, बे गढ घेतले म्हणून बेगडा, असंही म्हणतात, लोकांना असली व्युत्पत्ती आवडते, मलाही आवडते.

तर हा वेढा टेबलावर आणायचा. पहिलाच झटका स्केलचा. २८ मिलिमीटरच्या माणसाला सगळं साधारण साठाव्या भागाने लहान करायला लागतं. नऊ मीटरचा तट पंधरा सेंटिमीटर, ठीक आहे, छान दिसतो. पण पावागढ सुमारे ८०० मीटर उंच. साठाने भागा. तेरा मीटर! म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा उंच डोंगर हॉलमध्ये. सगळे वॉरगेमवाले इथे चोरी करतात आणि कोणी कबूल करत नाही, माणूस एका मापाचा, भिंत दुसऱ्या मापाची, जमीन तिसऱ्याच मापाची, आणि डोळा बिचारा सगळं जुळवून घेतो. मी डोंगराच्या पायऱ्या केल्या, अटक, माची, वर मौलियाचं पठार, सगळ्यात वर देऊळ, प्रत्येक पायरी दोन इंचांची. ड्राफ्ट्समनला हे करताना हात थरथरतात, आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांशी भांडलेलो मी.

फोमशीटवर दगडी बांधकाम उमटवायचं म्हणजे पेन्सिल दाबून एकेक दगड काढायचा, मग चुरगळलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा त्यावर हलकेच फिरवायचा, त्याने दगडाला खरखरीत पोत येतो. मग काळपट तपकिरी, वर कोरड्या ब्रशने उजळ राखाडी, शेवटी पातळ हिरवा पावसाळा. पश्चिमेचा तट मला सहा रविवार लागला. आणि मग घाईत त्याच्यावर डब्याचा स्प्रे मारला. ज्याने फोमचं काम केलंय तो इथे डोळे मिटेल. स्प्रेतला सॉल्व्हंट फोम खातो, अक्षरशः खातो, समोर बघता बघता तटाला भोकं पडली, कडा वितळून आत वळल्या. आमचा भाचा तेव्हा इथेच होता, म्हणाला मामा, मस्त झालं की, खिंडार म्हणून लावून टाक. मीही एक दिवस तसंच म्हणत होतो. पण खिंडार तसं दिसत नाही हो. तट पडतो तेव्हा दगड बाहेरच्या बाजूला ओघळतात, त्यांचा उतार होतो आणि त्याच उतारावरून शत्रू वर चढतो, पडलेला तटच शिडी होतो. माझं ते उंदराने खाल्लेल्या पोळीसारखं दिसत होतं. फेकून दिलं आणि परत सहा रविवार.

मंजनीकावर मात्र मी रमलो, आणि थोडा बहकलोही. इंग्रजीत ट्रेबुशे म्हणतात तो हाच, एका लांब दांड्याला आखूड बाजूला वजनाची पेटी, लांब बाजूला गोफण. वजन खाली पडतं, दांडा वर जातो, गोफण त्याच्याही पुढे फिरते आणि दगड सुटतो. वजन दगडाच्या शंभरपट असलं तर छान चालतं असं वाचलं होतं. देशी हरभऱ्याचा एक दाणा पाव ग्रॅम धरला तर पंचवीस ग्रॅम शिसं हवं. टायरवाल्याकडे गेलो, चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी शिसं पडलेली असतात, त्याने विचारलं शुं करवानुं छे, मी म्हटलं किल्लो तोडवानो छे, त्याने आणखी एक मूठ दिली आणि पैसे घेतले नाहीत. दांडा बांबूचा, बावीस सेंटिमीटर, गोफण बँडेजच्या कापडाची, दोऱ्या भरतकामाच्या.

आणि सगळा जीव एका टाचणीत. दांड्याच्या टोकाला टाचणी बसवतात, गोफणीची एक दोरी पक्की बांधलेली आणि दुसरीचा फास करून ह्या टाचणीत नुसती अडकवलेली. दांडा फिरताना ठरावीक कोनाला तो फास आपोआप घसरतो आणि दाणा सुटतो. टाचणी सरळ असली तर फास लवकर सुटतो, दाणा सरळ छताला. जास्त वाकवली तर उशिरा सुटतो, दाणा स्वतःच्याच सैन्याच्या पायाशी. मी पक्कड घेऊन केसाएवढी वाकवायचो, टाकायचो, परत सरळ करायचो, परत टाकायचो, रात्री एक वाजता हॉलमध्ये टक टक टक. एक दाणा टीव्हीवर बसला. एक अजूनही पंख्याच्या वाटीत आहे, पंखा लावला की आवाज येतो. शेवटी सात फुटांवरून तटाला लागायला लागला, दहातले सहा. १३०४ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यासमोर एडवर्ड राजाने असाच एक अवाढव्य यंत्रराक्षस बांधून घेतला, तो तयार होतो न होतो तोच किल्ल्यातले लोक शरण यायला निघाले, तर राजा म्हणाला थांबा, आधी हा चालवून बघू, मग शरण या. निर्दय माणूस, पण त्या दिवशी रात्री एक वाजता मला तो पूर्ण कळला.

आपल्याकडे १३०१ मध्ये रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सेनापती नुसरत खान गडावरून आलेल्या दगडानेच गेला, तटाजवळ काम करून घेत होता तेव्हा. म्हणजे यंत्र दोन्ही बाजूंना असायचं. १४८४ पर्यंत तोफा आल्या होत्या, त्यामुळे माझ्या टेबलावर मंजनीक जरा म्हाताराच दिसतो, पण तो मी काढणार नाही, एवढ्या टाचण्या वाकवल्यावर कोण काढेल.

मग प्रत्यक्ष खेळ. भाचा सुरतेला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत येतो, तो बेगडा आणि मी पताई. एक फेरी म्हणजे एक महिना, वीस फेऱ्या. पहिल्या फेरीत त्याने मंजनीक चालवला, मजा आली. दुसऱ्या फेरीत परत चालवला. तिसऱ्या फेरीत शिड्या लावून सुलतानढवा केला, मी वरून दगड लोटले, त्याची निम्मी माणसं गेली. चौथीत पुन्हा. सहाव्या फेरीला तो मोबाइल बघत होता. म्हणाला मामा, वीस महिने ते लोक नक्की करत काय होते?

प्रश्न बरोबर होता आणि माझ्या टेबलावर त्याचं उत्तर नव्हतं. मी बांधलं होतं ते सगळं दिसायला छान, तट, बुरूज, कमानी, मंजनीक. आणि वेढा म्हणजे बहुतेक वेळ माती. टोपल्या टोपल्या माती. परत पुस्तकं काढली. साबात नावाचा प्रकार असतो, दोन बाजूंना भिंती आणि वर फळ्या, त्यावर कच्चं चामडं आणि माती, म्हणजे वरून आग टाकली तरी पेटत नाही, असा झाकलेला बोगदा जमिनीवरूनच किल्ल्याकडे सरकवत न्यायचा. दिवसाला काही हात. पुढे १५६७-६८ मध्ये अकबराने चित्तोडला हेच केलं, आणि तिथे दोन सुरुंग एकदम उडायचे ते मागेपुढे उडाले, एक उडाल्यावर सैन्य आत घुसलं आणि मग दुसरा उडाला, त्याचीच दोनेकशे माणसं गेली. हे मी लगेच नियमात घातलं, सुरुंगाला फासा एक पडला तर आपल्याच खाली.

साबात केला आइस्क्रीमच्या काड्यांचा, छप्पर माझ्या फाटलेल्या पाकिटाच्या चामड्याचं, त्यावर बागेतली माती चाळून. टोपल्या सुतळीच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, साठ केल्या. माझ्या मते सबंध टेबलावर ते सगळ्यात चांगलं काम आहे आणि आजपर्यंत एकाही पाहुण्याने त्याच्याकडे बघितलं नाही. भाचा म्हणाला गांडुळासारखं दिसतंय.

बेगड्याची आणखी एक चाल मला फार आवडते. वेढा लांबला, सरदार कंटाळले, जयसिंहाने माळव्याच्या सुलतानाला मदतीला बोलावलं, बेगडा दाहोदपर्यंत सामोरा गेला, माळव्याचा सुलतान परत फिरला. दाहोदहून परतल्यावर बेगड्याने चांपानेरला गडाखालीच मशिदीचा पाया घातला. म्हणजे सरदारांना, आणि वरून बघणाऱ्यांनाही, कळलं की हा आता जात नाही. एकही बाण न सोडता. मी त्याचं मॉडेल केलं, चार विटांचा चौथरा आणि एक ओळंबा. खेळात तो मांडला की गडवाल्याचा धीर दोनने कमी होतो. मॉडेलला पाऊण तास लागला आणि मंजनीकापेक्षा त्याने जास्त वेळा डाव फिरवलाय.

गडाच्या बाजूने मी काय केलं होतं? कोठारं. नवलखा कोठार, मकाई कोठार, घुमटांसकट, घुमट म्हणजे पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून. (मकाई कोठार नाव असलं तरी १४८४ मध्ये मका हिंदुस्थानात आलाच नव्हता, तो अमेरिकेतून पुढे आला, त्यामुळे भाच्याने कोठारासमोर मक्याची कणसं ठेवली ती मी रागाने काढून टाकली.) आणि तलाव? गडावर किती तलाव आहेत, तेलिया, छासिया, दुधिया, नावं बघा, तेल, ताक, दूध, जणू गडावर कशाची कमी नाही. मी तिथे निळ्या रंगाचे तीन डाग मारले होते. झाला तलाव.

आणि गंमत म्हणजे गड कसा पडला हे मला तोंडपाठ होतं, मी ते पाहुण्यांना विनोद म्हणून सांगायचो. इतिहासात लिहिलंय की वेढा घालणाऱ्यांच्या लक्षात आलं, रोज सकाळी गडावरची बरीचशी माणसं आंघोळीला जातात आणि दरवाजावर फार कोणी उरत नाही. मग एका पहाटे दबा धरून बसले आणि त्याच वेळी घुसले. इकडे पश्चिमेचा तट फुटलेला होताच. मी म्हणायचो, बघा, वीस महिने तलवारीने टिकला आणि शेवटी तांब्याने गेला. लोक हसायचे.

मग ऑगस्ट आला. आम्ही वर काकांकडे तीन दिवस होतो, दोन खोल्यांत अकरा माणसं. खाली कमरेएवढं पाणी आणि वर नळाला थेंब नाही, कारण मोटर पाण्याखाली. लाइट नाही. प्यायला दोन कॅन, ते मोजून. सोसायटीच्या रस्त्यावरून मगर गेली असं समोरच्या गच्चीवरचे ओरडून सांगत होते, विश्वामित्रीत मगरी आहेत हे आम्हाला जन्मापासून माहीत, पण पार्किंगमध्ये म्हणजे जरा फारच, खंदकात मगरी सोडतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, खंदक घरात येतो हे नव्हतं वाचलं. आणि हे सगळं पाणी तरी कुठलं? विश्वामित्री उगम पावते पावागढावर. गडाचं पाणी पन्नास किलोमीटर चालत आलं आणि माझा पावागढ घेऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उकाडा मरणाचा, अंगाला सगळ्यांच्या वास, काकांच्या सुनेचं आणि त्यांच्या साडूंचं एका मगावरून भांडण झालेलं, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ही खिडकीशी बसली होती. अचानक म्हणाली, "त्या गडावरच्या लोकांना हसता ना तुम्ही, वेढा पडलाय आणि आंघोळी कसल्या करताय म्हणून. मला आत्ता कोणी एक बादली दिली ना, मी दार उघडं टाकून जाईन."

मी काही बोललो नाही. काकाच म्हणाले, बरोबर आहे हो.

पाणी उतरल्यावर चिखल काढायला चार दिवस गेले. एमडीएफचा पाट पुरीसारखा फुगलेला, तो टाकला. सोफा टाकला. माणसं चिखलातून चाळणीने शोधली, तीनशेतली दोनशे साठ मिळाली, पुरातत्त्ववाल्यांसारखी घमेल्यात घालून धुतली. चांपानेरला आमच्या युनिव्हर्सिटीच्या र. ना. मेहतांनी सत्तरच्या दशकात उत्खनन केलं होतं, त्यांना अख्खं शहर मिळालं, मला बायकोची हरवलेली कानातली मिळाली, तेवढ्यावर तिने पुढचा किल्ला मंजूर केला. अट एकच, दारातून निघाला पाहिजे.

ह्या वेळी आधी तलाव केले. करवंटी लावून पाहिली, खरं सांगतो, पण ती फार गोल, दुधिया तलाव तसा नाही, काढली. मग फोममध्ये खड्डा कोरून कडेला पायऱ्या, तळाला गाळाचा रंग, आणि वर पारदर्शक इपॉक्सी. ते एकदम ओतलं तर तापतं आणि फोम खराब होतो, म्हणून तीन तीन मिलिमीटरचे थर, एक थर सुकायला एक दिवस. छासिया रात्रीतून गळला आणि खालच्या वर्तमानपत्राला कायमचा चिकटला. दुधियाच्या दुसऱ्या थरात मुंगी पडली. काढायला गेलो तर ओरखडा उठेल म्हणून राहू दिली, २८ मिलिमीटरच्या हिशोबात ती मांजराएवढी दिसते.

मग आंघोळ करणारी माणसं. ही कुठे विकत मिळत नाहीत, मिळतात ती सगळी तलवारवाली. एमसील मळली की साधारण अर्धा तास ती ऐकते, मग नाही ऐकत. तेवढ्यात एक माणूस. सात केले. एक तांब्या डोक्यावर ओततोय, तांब्या म्हणजे पितळी मणी. एक पायरीवर बसून पाय घासतोय. एक धोतर पिळतोय, ते टिश्यू पेपर गोंदात बुडवून पीळ दिलेलं, ह्याला मला तीन संध्याकाळी लागल्या कारण पीळ सुटायचा. एक नुसताच पाण्यात उभा, हात जोडून, पूर्वेकडे तोंड. जानवं म्हणजे पांढऱ्या रंगाची एक रेघ, चारच केस ठेवलेल्या ब्रशने, श्वास रोखून.

आणि नवा नियम. आधीची अडचण अशी होती की इतिहास दोघांनाही माहीत, मग गडवाला कशाला मरायला माणसं आंघोळीला पाठवेल? तो वीस फेऱ्या घामट बसतो आणि जिंकतो. आता दर फेरीला गडवाल्याने ठरवायचं, आंघोळ की पहारा. पहारा घेतला तर धीर एकने उतरतो आणि धीर शून्य झाला की आपसात मारामारी, गड गेला. आंघोळ घेतली तर धीर टिकतो, पण दरवाजावर माणसं निम्मी. समोरचा दर फेरीला पाळतीचा फासा टाकतो, दोनदा सहा पडले की त्याला वेळ कळली. नियम मी लिहिला पण तो हिचा आहे, वहीत तसंच लिहिलंय.

ह्या दिवाळीत भाचा आला. किल्ला दोन तुकड्यांत दारातून आत आला, समारंभाने. ह्या वेळी तो पताई, मी बेगडा. मंजनीक मी दोनदाच चालवला, हौस म्हणून. बाकी साबात, टोपल्या, मशिदीचा पाया. भाचा शहाणा, पहिल्या पाच फेऱ्या नुसता पहारा घेतला, धीर उतरत उतरत दोनवर आला, मग आंघोळीला पाठवायला लागला. अकराव्या फेरीला मला पहिला सहा पडला. सतराव्याला दुसरा. मी काही न बोलता माझी माणसं दरवाजासमोर आणली, त्याने बघितलं, त्याला कळलं, पण त्या फेरीचं तो आधीच बोलून बसला होता. आंघोळ. तीन फाशांत दरवाजा गेला. पताई रावळ जखमी होऊन हाती लागला तसाच इथेही लागला. फराळाची बशी मध्ये होती, ती बाजूला करून मी गडावरची त्याची माणसं उचलायला सुरुवात केली.

तलावापाशी हात नेला तर म्हणाला, "मामा, ते नाही उचलायचे."

म्हटलं का?

"त्यांना ताकदीचे पॉइंट कुठे दिलेत तू? वहीत बघ. ज्याची ताकद मोजली असेल तोच पडतो, तूच लिहिलंय, पान चार."

वही काढली. बरोबर होतं. मी त्यांना शोभेचे म्हणून धरलं होतं, शून्य पॉइंट, हातात शस्त्र नाही, झाडं आणि दगड ज्या यादीत त्या यादीत. माझ्याच नियमाने त्यांना मारता येत नव्हतं. आम्ही त्यावर अर्धा तास वाद घातला, ही चकल्या तळता तळता आतून ऐकत होती आणि एकदाच म्हणाली की त्यांची होऊ दे रे आंघोळ.

पान चार मी अजून बदललेलं नाही. गडावर बेगड्याचं निशाण लावलंय, बाकी सगळी माणसं डब्यात गेली, किल्ला दोन तुकडे करून माळ्यावर चढवला. दुधियावर ते सात जण तसेच आहेत, आणि मुंगी.